सातवा कंस

८ मार्च २०१४ च्या पहाटे १ वाजून ३९ मिनिटांनी व्हिएतनाममधल्या हो ची मिन्ह शहराच्या हवाई नियंत्रण कक्षातून क्वालालंपूरला विचारणा झाली: एमएच ३७० कुठे आहे? मलेशिया एअरलाइन्सचं हे विमान रडारच्या पडद्यावरून नाहीसं होऊन तेव्हा अठरा मिनिटं झाली होती. दोन्ही देशांमधल्या करारानुसार ठरल्या वेळेला विमानाचा संपर्क आला नाही, तर पाच मिनिटांत तसं कळवायचं असतं. ते झालं नव्हतं. क्वालालंपूरच्या कक्षालाही आपलं विमान दिसेनासं झाल्याचं तोवर जाणवलं नव्हतं.

पुढचे काही तास निरोपांच्या देवाणघेवाणीत गेले. विमान कंबोडियाच्या हद्दीत आहे, असं कंपनीच्या कार्यालयातून कळवण्यात आलं. त्यांच्या संगणकावर विमान तिथे दिसत होतं. पहाटे साडेतीनच्या सुमाराला उलगडा झाला, की पडद्यावरचं ते स्थान संगणकाने अंदाजाने पुढे सरकवलेलं होतं. विमान ठरल्या मार्गाने गेलं असतं तर कुठे असतं, एवढंच तो दाखवत होता. शोध आणि बचावाचं केंद्र सुरू झालं तेव्हा साडेपाच वाजले होते. बीजिंगच्या विमानतळावर नातेवाईक साडेसहाच्या विमानाची वाट पाहत होते.

या सगळ्या वेळात विमान हवेतच होतं. केंद्र सुरू झाल्यावरही ते जवळजवळ तीन तास उडत राहिलं, असं आज आपल्याला माहीत आहे. एमएच ३७० बद्दल पुढे जे जे तर्क लढवले गेले, त्यांतल्या बहुतेकांचं मूळ त्या पहाटेच्या गोंधळात आहे, असं मला वाटतं. पहिल्या काही तासांत कुणीच नीट पाहत नव्हतं, आणि नंतर जगातल्या प्रत्येकाने त्या रिकाम्या जागेत आपापली गोष्ट भरली.

विमान होतं बोइंग ७७७-२००ईआर. मध्यरात्री १२ वाजून ४२ मिनिटांनी क्वालालंपूरहून उडालं तेव्हा त्यात २२७ प्रवासी आणि १२ कर्मचारी होते. निम्म्याहून अधिक प्रवासी चिनी, त्याखालोखाल मलेशियन. पाच भारतीय होते आणि त्यांत मराठी घरांतली माणसंही होती. कॅप्टन झहारी अहमद शाह ५३ वर्षांचे, अठरा हजारांहून अधिक तास विमान चालवलेले. सहवैमानिक फारिक अब्दुल हमीद २७ वर्षांचा. हवा चांगली होती. १ वाजून १९ मिनिटांनी क्वालालंपूरच्या नियंत्रकाने विमानाला हो ची मिन्हच्या कक्षाशी बोलायला सांगितलं आणि कॉकपिटमधून उत्तर आलं, 'गुड नाइट, मलेशियन थ्री सेव्हन झिरो.' दोन मिनिटांत, दोन्ही देशांच्या हवाई हद्दीजवळच्या 'इगारी' या बिंदूवरून विमान पुढे गेलं आणि त्याचा ट्रान्सपाँडर बंद झाला. विमान स्वतःची ओळख आणि उंची रडारला कळवतं ते या ट्रान्सपाँडरमुळे. तो बंद पडला की नागरी रडारच्या दृष्टीने विमान तिथे नसतंच.

लष्करी रडारचं तसं नसतं. ते कुणाच्या उत्तराची वाट पाहत नाही, वस्तूवर आदळून परत आलेल्या लहरींवरून तिला टिपतं. मलेशियाच्या लष्करी रडारवर त्या रात्री एक ठिपका नोंदला गेला. तो इगारीपाशी वळला, मलाय द्वीपकल्प ओलांडून परत आला, पेनांग बेटाच्या दक्षिणेकडून वळसा घालून मलाक्काच्या सामुद्रधुनीत शिरला आणि वायव्येला निघाला. हा ठिपका आपल्याच एखाद्या विमानाचा असणार, असं समजून लष्कराने लढाऊ विमान धाडलं नाही. पेनांगजवळून जाताना १ वाजून ५२ मिनिटांनी सहवैमानिकाच्या मोबाइलची तिथल्या एका टॉवरशी क्षणभर जोडणी झाली. फोन लागला नाही, नुसती नोंद झाली. २ वाजून २२ मिनिटांनी तो ठिपका रडारच्या टप्प्याबाहेर गेला. त्याचं तोंड अंदमानच्या दिशेला होतं.

ही माहिती हाती असूनही दक्षिण चीन समुद्रातला शोध आठवडाभर चालूच राहिला. तिथे तेलाचे तवंग दिसले, ते विमानाचे नव्हते. चिनी उपग्रहाच्या चित्रांत मोठ्या तरंगत्या वस्तू दिसल्या, त्याही विमानाच्या निघाल्या नाहीत. मलेशियाचे अधिकारी पत्रकार परिषदेत एक सांगत आणि दुसऱ्या दिशी दुसरंच. आपल्या लष्करी रडारची ताकद किती हे शेजाऱ्यांना कळू नये म्हणून सगळेच देश हात राखून बोलत होते. भारतानेही आयएनएस सरयू, कुंभीर यांसारख्या नौका आणि टेहळणी विमानं अंदमानच्या समुद्रात धाडली. विमान उत्तरेला बेटांवरून गेलं असेल तर आपल्या रडारवर दिसायला हवं होतं, असा प्रश्न साहजिकच निघाला. तिथली रडार गरजेप्रमाणे चालवली जातात, अखंड नाही, असं अंदमान-निकोबार कमांडच्याच एका वरिष्ठ अधिकाऱ्याने तेव्हा सांगितलं. म्हणजे त्या बाजूच्या आकाशाबद्दल ठामपणे काही सांगता येईल अशी परिस्थिती नव्हती.

हा शोध दक्षिणेकडे वळवला तो लंडनमधल्या इन्मारसॅट या उपग्रह कंपनीच्या अभियंत्यांनी. त्यांनी केलेलं काम मला या साऱ्या प्रकरणातलं सर्वांत मोलाचं वाटतं.

विमानाच्या छतावर उपग्रहाशी बोलणारा अँटेना होता. कंपनीशी संदेशांची देवाणघेवाण बंद पडली होती, पण यंत्र चालू होतं. तासभर कुठलाच संदेश आला-गेला नाही, तर पर्थजवळचं भूकेंद्र उपग्रहामार्फत त्या यंत्राला विचारतं, 'आहेस का?' यंत्र उत्तर देतं, 'आहे.' यालाच अभियंते 'हँडशेक' म्हणतात. त्यात विमानाचं ठिकाण नसतं, वेग नसतो, काहीच नसतं. ३ वाजून ४१, ४ वाजून ४१, ५ वाजून ४१, ६ वाजून ४१, ८ वाजून ११. प्रत्येक वेळी उत्तर आलं. त्याआधी २ वाजून २५ मिनिटांनी आणि शेवटी ८ वाजून १९ मिनिटांनी विमानाच्या यंत्राने स्वतःहून केंद्राशी जोडणी मागितली होती. सव्वानऊला विचारणा झाली तेव्हा उत्तर आलं नाही.

उत्तर यायला किती वेळ लागला याची नोंद केंद्रात होती. ही नोंद ठेवायची पद्धतही एका जुन्या अपघातामुळे आलेली. २००९ मध्ये एअर फ्रान्सचं ४४७ क्रमांकाचं विमान अटलांटिकमध्ये बुडालं, त्यानंतर इन्मारसॅटने हा आकडा जपून ठेवायला सुरुवात केली होती. लहरींचा वेग ठाऊक आहे, तेव्हा वेळेवरून विमान उपग्रहापासून किती अंतरावर होतं हे काढता येतं. तेवढ्या अंतरावरच्या सगळ्या जागा पृथ्वीवर जोडल्या तर एक मोठं वर्तुळ पडतं. विमानाचा वेग आणि इंधन पाहता त्या वर्तुळाचे जे भाग अशक्य होते, ते खोडले. उरले ते कंस. असे सात कंस आखले गेले. ३ वाजून ४१ मिनिटांनंतर विमान दर खेपेला उपग्रहापासून अधिकाधिक दूर जात होतं, हे त्यांतून स्पष्ट दिसलं.

पण दूर म्हणजे कुणीकडे? प्रत्येक कंसाची एक बाजू उत्तरेला मध्य आशियाकडे जात होती आणि दुसरी दक्षिणेला, जिथे अंटार्क्टिकापर्यंत पाण्याशिवाय काही नाही. इथे अभियंत्यांनी दुसरा आकडा घेतला, लहरींच्या वारंवारतेतला फरक. शिटी देत येणाऱ्या गाडीचा आवाज आपल्याला ओलांडून जाताच खाली उतरतो. विमानाच्या लहरींचंही तसंच होतं. हा फरक भरून काढण्याची सोय विमानातल्या यंत्रात असते, पण ते यंत्र असं धरून चालतं की उपग्रह विषुववृत्तावर अगदी स्थिर उभा आहे. प्रत्यक्षात १९९६ मध्ये सोडलेला तो उपग्रह म्हातारा झाला होता आणि रोज थोडासा उत्तर-दक्षिण झुलत होता. या झुलण्यामुळे यंत्राची दुरुस्ती किंचित चुकत होती, आणि ती चूक विमान उत्तरेला चाललं आहे की दक्षिणेला यावर अवलंबून होती. त्याच उपग्रहामार्फत संपर्क ठेवणाऱ्या इतर विमानांच्या नोंदींवर ही रीत पडताळून पाहिली गेली. आकडे दक्षिणेशी जुळले. विमानाच्या शोधासाठी हे गणित त्याआधी कुणी केलेलं नव्हतं.

शेवटच्या कंसाचा अर्थ मात्र थांबून समजून घ्यायला हवा. ८ वाजून १९ मिनिटांनी विमानाच्या यंत्राने जोडणी मागितली, म्हणजे त्याची वीज गेली होती आणि नुकतीच परत आली होती. इंधन संपून इंजिनं बंद पडली की शेपटीतलं छोटं सहायक इंजिन आपोआप सुरू होतं आणि थोड्या वेळासाठी वीज देतं. उड्डाणाच्या वेळी टाक्यांत सुमारे ४९ टन इंधन होतं, ते साधारण त्याच सुमाराला संपायला हवं होतं. शिवाय शेवटचे दोन आकडे आठ सेकंदांच्या अंतराने नोंदले गेले होते, आणि विमान झपाट्याने खाली येत होतं, खाली येण्याचा वेगही वाढत होता, असा त्यांचा अर्थ निघतो. सातवा कंस ही विमानाच्या आयुष्याची शेवटची रेघ आहे, असं तपासकर्ते म्हणतात ते यावरून.

२४ मार्चला मलेशियाचे पंतप्रधान नजीब रझाक यांनी जाहीर केलं, की विमानाचा प्रवास हिंदी महासागराच्या दक्षिण भागात संपला. काही कुटुंबांना ही बातमी मोबाइलवरच्या संदेशातून कळली. बीजिंगच्या हॉटेलात सोळा दिवस बसून राहिलेल्या माणसांना तुकडा नाही, मृतदेह नाही, नुसतं गणित दाखवून तुमची माणसं गेली असं सांगणं, हे किती निर्दय होतं. त्यांनी ते मानलं नाही, यात नवल नाही. गणित बरोबर होतं, सांगणारे मात्र आधीच्या दोन आठवड्यांत विश्वास गमावून बसले होते.

ऑस्ट्रेलियाने पर्थहून शोधाची सूत्रं घेतली. ४५ लाख चौरस किलोमीटरहून अधिक समुद्र विमानांतून आणि जहाजांवरून पाहिला गेला. मासेमारीची जाळी आणि कचरा तेवढा सापडला. ब्लॅक बॉक्सला जोडलेलं ध्वनियंत्र पाण्यात पडल्यावर ३० दिवस 'टिक टिक' करत राहतं. ती मुदत संपत आली असताना, एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात, ओशन शील्ड या जहाजाला खोल पाण्यातून ठरावीक अंतराने येणारे आवाज ऐकू आले. आता विमान सापडलंच, असं सगळ्यांना वाटलं. पाण्याखालचं स्वयंचलित यंत्र सोडून आसपासचा तळ पाहिला. काही नव्हतं. मेअखेरीस ते आवाज विमानाचे नसल्याचं मान्य करावं लागलं. पुढे मार्च २०१५ च्या अहवालात आणखी एक गोष्ट उघड झाली. उड्डाणाची माहिती नोंदवणाऱ्या पेटीवरच्या ध्वनियंत्राच्या बॅटरीची मुदत डिसेंबर २०१२ मध्येच संपली होती आणि ती बदलल्याची नोंद नव्हती. २३९ माणसांना घेऊन उडणाऱ्या विमानात ही हयगय वर्षभराहून अधिक काळ कुणाच्या ध्यानात येऊ नये, हे मला अजूनही माफ करता येत नाही.

मग सागरतळाचा शोध सुरू झाला. सातव्या कंसालगतचा तळ तोवर कुणी नीट मोजलेलाच नव्हता. म्हणून आधी नकाशा करावा लागला, आणि त्यात समुद्राखालच्या डोंगररांगा, कडे आणि ज्वालामुखी पहिल्यांदाच स्पष्ट दिसले. काही ठिकाणी खोली सहा हजार मीटरपर्यंत. जहाजाला फ्रीमँटलच्या बंदरातून निघून त्या भागात पोचायला जवळजवळ आठवडा लागायचा. तिथे पोचल्यावर कित्येक किलोमीटर लांबीच्या केबलच्या टोकाला सोनार बांधून तो तळापासून शंभर-दीडशे मीटरवर ओढत न्यायचा, आणि वरती जहाज घराएवढ्या उंचीच्या लाटांवर. जानेवारी २०१६ मध्ये फुग्रो डिस्कव्हरी या जहाजाचा सोनार तळातून दोन हजार मीटरहून उंच उठलेल्या चिखलाच्या ज्वालामुखीवर आदळला आणि साडेचार किलोमीटर केबलसकट तुटून गेला. शोधात जुनी बुडालेली जहाजं सापडली, त्यांतली काही एकोणिसाव्या शतकातली. विमान सापडलं नाही. मलेशिया, ऑस्ट्रेलिया आणि चीन या तिन्ही सरकारांनी मिळून १ लाख २० हजार चौरस किलोमीटर तळ पाहिल्यावर, १७ जानेवारी २०१७ रोजी हे काम थांबवलं. एवढं क्षेत्र म्हणजे महाराष्ट्राच्या जवळजवळ दोन पंचमांश. खर्च सुमारे २० कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर.

शोध चालू असतानाच विमान स्वतःहून किनाऱ्याला लागायला सुरुवात झाली होती. २९ जुलै २०१५ रोजी आफ्रिकेच्या बाजूला असलेल्या रियुनियन बेटावर, सेंट आंद्रे गावाच्या किनाऱ्याची सफाई करणाऱ्या माणसांना पंखाचा एक तुकडा मिळाला. तो फ्लॅपेरॉन होता, पंखाच्या मागच्या कडेला असणारा हलता भाग. सोळा महिने पाण्यावर तरंगून त्याच्या कडांना गूज बार्नकल या शिंपल्यासारख्या कवचधारी जिवांचे गुच्छ चिकटले होते. फ्रेंच तपासकर्त्यांनी आतल्या क्रमांकांवरून तो एमएच ३७० चाच असल्याचं सप्टेंबरमध्ये निश्चित केलं. पुढे मोझांबिक, टांझानिया, मॉरिशस, मादागास्कर, दक्षिण आफ्रिका अशा किनाऱ्यांवर तीसेक तुकडे मिळाले. त्यांतले बरेच ब्लेन गिब्सन या अमेरिकी माणसाने स्वतःच्या खर्चाने किनारे धुंडाळून मिळवले. तीन तुकडे निःसंशय याच विमानाचे ठरले, बाकीचे काही जवळजवळ निश्चित.

या तुकड्यांनी दोन गोष्टी सांगितल्या. टांझानियाच्या पेम्बा बेटावर सापडलेल्या फ्लॅपच्या भागावरच्या खुणांवरून पाण्यावर आदळताना फ्लॅप बहुधा आत ओढलेले होते. म्हणजे कुणी विमान सांभाळून पाण्यावर उतरवत होतं, ही शक्यता फार कमी झाली. दुसरी गोष्ट समुद्राच्या प्रवाहांची. ऑस्ट्रेलियाच्या सीएसआयआरओ संस्थेतल्या डेव्हिड ग्रिफिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आधी फ्लॅपेरॉनच्या प्रतिकृती पाण्यात सोडून पाहिल्या. मग ७७७ चा खराखुरा फ्लॅपेरॉन मिळवला, सापडलेल्या तुकड्यासारखा कापला आणि टास्मानियाजवळ समुद्रात सोडला. खरा तुकडा वाऱ्याने प्रतिकृतींपेक्षा वेगाने आणि डावीकडे कलत जात होता. हा बदल गणितात घातला तेव्हा विमान पडल्याची जागा साधारण ३५ अंश दक्षिण अक्षांशाकडे, शोधलेल्या पट्ट्याच्या उत्तरेला असण्याला बळ मिळालं. तिथल्या २५ हजार चौरस किलोमीटरमध्ये पाहावं, असं तज्ज्ञांनी त्याआधीच, डिसेंबर २०१६ मध्ये, लेखी सुचवलं होतं. सरकारांनी त्यानंतर महिनाभरात शोध बंद केला. पैसे संपले म्हणून शोध थांबवणं समजू शकतं. पण नवी जागा लेखी सुचवली गेल्याच्या पुढच्या महिन्यात थांबवणं मला पटलेलं नाही.

आता तर्कांकडे येतो. काही तर्कांवर फार वेळ घालवायचं कारण नाही. विमान डिएगो गार्सियाच्या अमेरिकी तळावर उतरवलं, ते कझाकस्तानात नेलं, ते उडवून दिलं आणि लपवलं, असं पुष्कळ लिहिलं गेलं. आफ्रिकेच्या किनाऱ्यांवर आलेले तुकडे या सगळ्यांना उत्तर देतात. चोरीच्या पासपोर्टवर प्रवास करणाऱ्या दोन इराणी तरुणांवर पहिल्या दिवसांत संशय होता. ते युरोपात आश्रय मागायला निघाले होते, असं नंतर स्पष्ट झालं.

आगीचा तर्क जास्त विचारपूर्वक मांडला गेला. मालाच्या कक्षात लिथियम आयन बॅटऱ्या होत्या आणि साडेचार टन मँगोस्टीनची फळं होती. धूर झाला, वैमानिकांनी वीज एकेक करून बंद केली, जवळच्या लंकावी विमानतळाकडे वळले आणि बेशुद्ध पडले, असं हे चित्र. सुरुवातीच्या वळणाला ते शोभतं. पण ज्या आगीने संपर्काची सगळी साधनं बंद पाडली, तिने पुढे सहा-सात तास विमान उडू दिलं, आणि इंधनाच्या टाक्यांना काही झालं नाही, हे पटत नाही. प्राणवायू कमी होऊन सगळे बेशुद्ध झाले आणि ऑटोपायलटवर विमान जात राहिलं, हा तर्क प्रवासाच्या शेवटच्या टप्प्याला लागू पडू शकेल. पेनांगचा वळसा आणि सामुद्रधुनीतून हवाई मार्गावरून केलेला प्रवास मात्र कुणी शुद्धीवर असल्याशिवाय होणं कठीण आहे.

राहिला वैमानिकाचा तर्क. जगभरात आज तोच सर्वाधिक मानला जातो. कॅप्टन झहारींच्या घरी विमान चालवण्याचा सिम्युलेटर होता. त्यातल्या पुसलेल्या नोंदींतून हिंदी महासागराच्या दक्षिण भागातले बिंदू मिळाले, घटनेच्या महिनाभर आधीचे. ही गोष्ट दुर्लक्ष करण्यासारखी नाही. दुसऱ्या बाजूला, त्यांच्या वागण्यात, पैशाच्या व्यवहारात, प्रकृतीत किंवा घरात काही विपरीत तपासकर्त्यांना दिसलं नाही. मलेशियाचा ४९५ पानांचा अंतिम अहवाल ३० जुलै २०१८ रोजी आला. त्यात विमान बहुधा हाताने वळवलं गेलं असं म्हटलं, तिसऱ्या कुणाचा हात असण्याची शक्यताही नाकारली नाही, आणि कारण सांगता येत नाही असं सरळ लिहिलं. दुसऱ्याच दिवशी देशाच्या नागरी हवाई वाहतुकीच्या प्रमुखांनी राजीनामा दिला.

विमानाकडून कंपनीला गेलेल्या १ वाजून ७ मिनिटांच्या संदेशानंतर उपग्रह-यंत्राची वीज केव्हातरी गेली आणि २ वाजून २५ मिनिटांनी परत आली. एमएच ३७० चं खरं कोडं मला या सव्वा तासात दिसतं. कुणी ती वीज मुद्दाम काढली असेल तर त्याला विमानाच्या विद्युतजोडणीची बारीक माहिती होती. मग ती परत का आणली? परत आणली तर नंतर जमिनीवरून उपग्रहामार्फत आलेले दोन फोन का उचलले नाहीत? माझ्या वाचनात आलेला एकही तर्क या प्रश्नांना पूर्ण उत्तर देत नाही. त्यातल्या त्यात हेतुपुरस्सर विमान वळवल्याचा तर्क पुराव्याच्या जवळ आहे, असं मला वाटतं. पण विमान वळवलं गेलं हे मानणं आणि अमुक माणसाने वळवलं हे मानणं, यांत फार अंतर आहे. ज्याच्यावर आरोप आहे तो उत्तर देऊ शकत नाही, आणि त्याच्या घरच्यांना रोज ते ऐकावं लागतं.

२०१८ मध्ये ओशन इन्फिनिटी या खासगी कंपनीने 'विमान सापडलं नाही तर एक पैसाही नको' या बोलीवर शोध घेतला. सीबेड कन्स्ट्रक्टर या जहाजावरून एकाच वेळी आठ स्वयंचलित पाणबुड्या सोडून तिने काही महिन्यांत १ लाख १२ हजार चौरस किलोमीटर तळ पाहिला. आधीच्या शोधाला एवढ्याच क्षेत्रासाठी दोन वर्षांहून अधिक काळ लागला होता. विमान हाती लागलं नाही. पण त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये याच कंपनीने अर्जेंटिनाची बुडालेली सान हुआन ही पाणबुडी शोधून काढली. म्हणजे साधनं आणि माणसं कच्ची नव्हती. मार्च २०२५ मध्ये मलेशियाने तिच्याशी नवा करार केला: १५ हजार चौरस किलोमीटरचं नवं क्षेत्र, सापडलं तर ७ कोटी डॉलर, नाही तर काही नाही. हवामान बिघडल्याने एप्रिलमध्ये काम थांबलं, आणि ३० डिसेंबरपासून टप्प्याटप्प्याने ५५ दिवस ते पुन्हा सुरू करण्याची घोषणा सरकारने केली.

या घटनेनंतर नियम बदलले. प्रवासी विमानाचं स्थान दर पंधरा मिनिटांनी कंपनीला कळलंच पाहिजे, हा आंतरराष्ट्रीय नियम २०१८ पासून आला. ध्वनियंत्राची बॅटरी ३० ऐवजी ९० दिवस टिकावी लागते. संकटात सापडलं की दर मिनिटाला आपोआप ठिकाण कळवणारी यंत्रणा नव्या मोठ्या विमानांना बंधनकारक झाली आहे. हे सगळं चांगलंच झालं. तरी नियम पुढच्या प्रवाशांसाठी असतात. मागच्या २३९ जणांच्या घरच्यांना त्यातून काहीही मिळत नाही.

अटलांटिकमध्ये बुडालेलं एअर फ्रान्सचं विमान शोधायला दोन वर्षं लागली होती. तिसऱ्या शोधालाही यश आलं नाही तेव्हा सोडून द्या असं म्हणणारे होते. एप्रिल २०११ मध्ये, चौथ्या खेपेला, ते ३९०० मीटर खोल तळावर सापडलं, शेवटच्या ज्ञात जागेपासून अगदी थोड्या अंतरावर. खारट पाण्यात दोन वर्षं पडलेल्या पेट्यांमधली माहिती वाचता आली, आणि अपघाताचं कारण समजलं. एमएच ३७० च्या पेट्या कितीतरी जास्त काळ पाण्यात आहेत, त्यामुळे यशाची खात्री कुणी देऊ नये. कॉकपिटमधले आवाज नोंदवणारी पेटी शेवटचे दोनच तास जपते, तेव्हा इगारीपाशी कोण काय बोललं हे तिच्यातून कळणार नाही. दुसरी पेटी मात्र २५ तासांच्या उड्डाणाची नोंद ठेवते. कुठला दांडा कधी हलवला गेला, वीज कधी गेली, हवेचा दाब कधी उतरला, हे सगळं त्या रात्रीच्या साडेसात तासांसकट तिच्यात असायला हवं. ती पेटी मिळेपर्यंत झहारींना दोषी ठरवू नका, निर्दोषही ठरवू नका; आणि मलेशिया, चीन व ऑस्ट्रेलिया यांनी हा शोध एका खासगी कंपनीच्या हिमतीवर न सोडता आपल्या पैशांनी पुरा करावा.